लाँचनं जायचं तर एकादशी गाठा: मराठवाड्यातून जाऊन मुंबई बंदर ओलांडणाऱ्यांसाठी

माझ्या नणंदबाई अलिबागजवळ चोंढीला दिलेल्या. लग्न ठरलं तेव्हा परभणीतल्या निम्म्या नातेवाइकांना चोंढी कुठं आहे हेच माहीत नव्हतं. उरलेल्या निम्म्यांनी "मुंबईहून बोटीनं जातात तिकडं" एवढं ऐकून कपाळाला हात लावला. आपल्याला बोटीची सवय कुठली? येलदरीच्या धरणाकडेला उभं राहून फोटो काढायचा, पैठणला नाथसागर बघून "केवढं पाणी!" म्हणायचं आणि घरी येऊन टँकरची वाट बघायची, इतकाच आपला पाण्याशी व्यवहार.

आता आमच्या घरातून वर्षाकाठी दोन-तीनदा कुणी ना कुणी मुंबईचं बंदर ओलांडून पलीकडं जातं. लेकरं, सुना, गुडघे धरलेली माणसं, सगळ्यांना नेऊन झालंय. चुका करायच्या तेवढ्या आम्ही करून घेतल्या आहेत. त्यामुळं कुणी विचारलं की मी फोनवर जे तासभर सांगत बसते, ते इथं एकदाच लिहून ठेवते.

आधी धक्का कोणता ते ठरवा

सीएसएमटीला उतरून टॅक्सीवाल्याला नुसतं "बोटीवर सोडा" म्हणालात की चुकलात. बोटी दोन ठिकाणांहून सुटतात आणि दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे.

पहिलं ठिकाण गेटवे ऑफ इंडिया. इथून मांडव्याला जाणाऱ्या बोटी सुटतात आणि घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला जाणाऱ्या लाँच सुटतात. दुसरं भाऊचा धक्का, माझगावला. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा धक्का बांधला आणि लोकांनी त्यांचं घरगुती नावच धक्क्याला लावलं. इथून रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जातात. गाड्या पोटात घालून मांडव्याला जाणारी मोठी रोरो बोटही याच भागातून सुटते. २०२० सालच्या मार्चमध्ये ती सुरू झाली.

अलिबाग, किहीम, चोंढी, आवास, सासवणे या बाजूला जायचं असेल तर मांडवा धरा. रेवसची लाँच स्वस्त पडते हे खरं, पण तिचं एक दुखणं आहे, ते पुढं सांगते. उरणला आता लोकल जाते, तेव्हा मोऱ्याच्या लाँचला हौस म्हणूनच बसायचं. नुसतं "समुद्रात एकदा जाऊन यायचं" एवढीच इच्छा असेल तर गेटवेवरून एलिफंटा. तासाभराचा प्रवास, पलीकडं लेणी आणि संध्याकाळी परत. गेटवेवर "अर्ध्या तासाची राइड, अर्ध्या तासाची राइड" म्हणत मागं लागणारे भेटतात. ती बोट कुठंच जात नाही, बंदरात वळसा घालून परत आणते. घाई असेल तर तीही वाईट नाही, पण आपण कशाचं तिकीट काढतोय ते समजून काढा.

स्वतःची गाडी घेऊन अलिबागला निघालेल्यांना एक सांगणं. लातूर, बीड, धाराशिवकडून येत असाल तर पुण्यावरून खोपोली-पेण-वडखळ असं जा. रोरोच्या नादात मुंबईत शिरायचं काही कारण नाही. जालना-संभाजीनगरकडून समृद्धीनं आलात तर तुम्ही मुंबईच्या दाराशी उतरता, तिथून रोरोचा विचार करायला हरकत नाही. गाडी घेऊन जायचं तर जागा आधी ऑनलाइन धरावी लागते आणि पाऊण तास तरी आधी पोचावं लागतं. शनिवारी सकाळी ऐनवेळी जागा मिळेल ही आशा सोडा.

तारीख कॅलेंडरवर नाही, तिथीवर बघा

आमची पहिलीच खेप. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. रेवसची लाँच स्वस्त आहे असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून भाऊच्या धक्क्यावर गेलो. मासळीचा बाजार भरलेला, पायाखाली पाणी, नाकाला पदर. सव्वाआठ वाजले होते. तिकिटाच्या खिडकीवर माणूस नाही. लाँच होत्या, पण खलाशी निवांत बिड्या ओढत बसलेले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशींना मी विचारलं, लाँच कधी सुटणार?

त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज तिथी कंची?"

मी गप्प. पण आमच्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, लगेच बोटं मोजली. "उद्या संकष्टी. म्हणजे आज तीज."

"मग दुपारी सव्वादोनला भरती. म्हंजे आता सुकती. रेवसला गाळ हाय, दहाबिगर लाँच जायची नाय. बसा."

बसलो. दहा वाजून गेल्यावर लाँच सुटली. त्या दीड-दोन तासांत मावशींनी आत्यांना जे शिकवलं ते आजवर आमच्या कामी येतंय.

हिशोब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती, सकाळी एक आणि साधारण तेवढ्याच वाजता संध्याकाळी किंवा रात्री दुसरी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, कोळी लोक तिला सुकती म्हणतात. चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा येतो, म्हणून ही पाऊण. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक बघता येतं, पण महिनाभर आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन काढताना हा हिशोब पुरतो.

आता याचं आपल्याला काय? सांगते. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. म्हणजे तेरा-चौदा फूट, एक मजलाभर! गेटवेच्या दगडी पायऱ्या भरतीला निम्म्या पाण्यात असतात आणि लाँच जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर येते. त्याच पायऱ्या ओहोटीला उघड्या पडतात, खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरलेलं असतं, आणि तुम्हाला तिथून उतरून किंवा चढून जायचं असतं. सत्तरीतल्या माणसाच्या गुडघ्याला हा फरक फार मोठा आहे.

पौर्णिमेला एलिफंटाला गेलात असं धरा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची परतीची लाँच, गेटवेला पोचायला साडेसहा. बाराला भरती, म्हणजे सहाला अगदी तळाचं पाणी. अंधारत आलेलं, दिवसभर चालून पाय दमलेले, आणि समोर त्याच बुळबुळीत पायऱ्या. सुट्टीची पौर्णिमा म्हणून लोक मुद्दाम तीच निवडतात.

त्याउलट एकादशी बघा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी तुम्ही धक्क्यावर पोचता तेव्हा पाणी भरलेलं. दुपारी सव्वादोनला ओहोटी असते, तेव्हा तुम्ही पलीकडं जमिनीवर असता. संध्याकाळी परत याल तेव्हा पाणी पुन्हा चढत असतं. शिवाय एकादशीला उधाणाचा जोरही नसतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर दशमी, एकादशी, द्वादशी यांतला दिवस धरा. आत्यांना यात विठ्ठलाची कृपा दिसते. मला पंचांगाचा हिशोब दिसतो. बोटीत दोघी शेजारी बसतो.

बाकी दोन गोष्टी कॅलेंडरवरच बघायच्या. एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात. आणि गेटवे ते मांडवा या बोटी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यासाठी बंद असतात. राखीला बहिणीकडं जायचं म्हणून निघालेले भाऊ दरवर्षी गेटवेवर येऊन उभे राहतात. त्या दिवसांत रोरो चालते, पण तीही हवामान बघून. वादळी हवा असेल तर रद्द होते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

स्टेशनपासून धक्क्यापर्यंत

देवगिरी, लातूरची गाडी अशा रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीला सोडतात. दिवसाच्या तपोवननं गेलात तर पोचेपर्यंत रात्र होते, त्या दिवशी बोटीचं नाव काढू नका. मुक्काम करा.

स्टेशनबाहेर रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीतच, काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. गेटवे दोन-अडीच किलोमीटरवर आहे, मीटरनं जा. भाऊच्या धक्क्यासाठी हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळचं, सीएसएमटीपासून मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग डॉकयार्ड रोड. पण सामान आणि लेकरं असतील तर सीएसएमटीपासूनच टॅक्सी बरी. टॅक्सीवाल्याला "रोरो" की "रेवसची लाँच" हे स्पष्ट सांगा, कारण दोन्हींची दारं वेगळी आहेत.

एलिफंटाला जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर मोठं सामान बरोबर नेऊ नका. स्टेशनवर क्लोकरूम आहे, बॅगेला कुलूप मात्र लागतं. कुलूप परभणीतूनच न्या. गेटवेवर सामान तपासणीची रांग असते, सुट्टीच्या दिवशी तिच्यातच अर्धा तास जातो. चटणी-धपाट्यांचा डबा उघडून दाखवावा लागला तर लाजू नका.

तिकीट

मांडव्याच्या बोटी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. ज्या कंपनीचं तिकीट, तिच्याच बोटीत बसायचं. तिकीट एका बाजूचं असतं. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच धरलेली असते, खिडकीवर विचारून घ्या. ही बस चोंढीवरूनच जाते, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या खेपेला आम्ही रेवसहून टमटमचे पैसे भरत बसलो होतो.

एलिफंटाचं तिकीट जाऊन-येऊन असतं. परतीचा कागद सांभाळा. लेकराच्या हातात देऊ नका, वाऱ्यानं जातो. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते बेटावर. वरच्या डेकवर बसायला काही लाँचमध्ये थोडे जास्तीचे पैसे घेतात, बोट सुटल्यावर माणूस मागत येतो. ते फसवणं नव्हे, तशी पद्धतच आहे. सुटे पैसे ठेवा, कारण पाण्यात रेंज जाते आणि मोबाइलनं पैसे भरायची पंचाईत होते.

दर मी लिहीत नाही, ते बदलत राहतात. खिडकीवर पाटी असते, ती वाचूनच पैसे काढा. दलालाच्या हातात नाही.

ते दोन फूट

समुद्राची भीती वाटते असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर बोट एकदा चालू लागली की भिण्यासारखं फारसं काही नाही. खरं सांभाळायचं ते पायरी आणि बोटीच्या कडेमधलं दोन फुटांचं अंतर. पाय मुरगळतो तिथं, मोबाइल पडतो तिथं, माणूस घाबरतो तिथं. म्हणून हा भाग सावकाश वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

बोट दोरानं बांधलेली असली तरी ती स्थिर नसते. लाट आली की वर येते, गेली की खाली बसते. पायरीवर उभं राहून आधी दोन-तीन लाटा नुसत्या बघा. बोटीची कड पायरीच्या पातळीला येते तो एक क्षण असतो, झोका तुमच्याकडं आल्यावर थांबतो ना, तसा. त्या क्षणी पाऊल टाकायचं. बोट खाली जात असताना टाकलेलं पाऊल हवेत राहतं. उडी मारायची नाही, कधीच. आणि एक पाय पायरीवर, एक पाय बोटीत असं विचार करत उभं राहायचं नाही. टाकलं तर टाकलं.

खलाशी हात पुढं करतो. आपल्या बायका लाजून बोटांची टोकं देतात. तसं करू नका. तो तुमचं मनगट धरेल, तुम्ही त्याचं मनगट धरा. बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. दुसरा हात मोकळा हवा. म्हणजे पिशव्या पाठीवर, किंवा दुसऱ्या खलाशाच्या हातात आधीच दिलेल्या. बोटीच्या कडेला बाहेरून हात टेकवू नका. टायर लावलेले असतात ते उगीच नाही, बोट दगडावर आपटते तेव्हा मध्ये जे सापडेल ते चेपतं.

लेकरू कडेवर घेऊन पाय टाकायचा नाही. आधी एक मोठा माणूस आत, मग लेकरू खलाशाच्या हातातून त्याच्याकडं, मग दुसरा मोठा माणूस. आत्या नऊवारी नेसतात, त्यांना काहीच अडचण आली नाही. माझ्या सहावारीच्या निऱ्या पायात आल्या. तेव्हापासून मी पंजाबी ड्रेस घालते. साडीच नेसायची असेल तर घोटा उघडा राहील इतकी वर खोचा. चपलेला मागून पट्टा हवा. नुसत्या अंगठ्याच्या चपला अरबी समुद्राला आम्ही दोन वाहिल्या, एक भाच्याची आणि एक माझी.

गेटवेला आणखी एक गंमत. गर्दीच्या वेळी लाँच एकमेकींना चिकटून दोन-तीन ओळीनं उभ्या असतात. तुमची लाँच तिसरी असेल तर पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत असं ओलांडून जावं लागतं. इथंही तोच नियम. दोन्ही कडा सारख्या पातळीवर येऊ द्या. मागून "चला, चला" होतं, "ओ मावशी, सरका पुढं" होतं. होऊ द्या. मागच्याला काय, पाय तुमचा आहे.

हे सगळं नको असेल तर रोरो. तिला पायऱ्याच नाहीत. पूल टाकल्यासारखी फळी पडते आणि माणसं, मोटारी चालत आत जातात. तिकीट महाग पडतं, पण कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जाताना मी दुसरा विचार करत नाही.

बसल्यावर पहिलं काम

लाईफ जॅकेट. फोटो नंतर.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीला ८४ प्रवाशांचा परवाना होता, आत शंभराच्या वर माणसं होती. दुपारची वेळ, पाऊस नाही, वादळ नाही. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती झाली तरी "गरम होतं" म्हणून जॅकेट मांडीवर ठेवणारे प्रत्येक खेपेला दिसतात. मांडीवरचं जॅकेट बुडणाऱ्याच्या कामाचं नाही.

घालायचं कसं? डोक्यातून किंवा बाह्यांतून घाला, पुढचे सगळे बकल लावा, पट्टा ओढून घट्ट करा. मग खांद्याशी धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात तुम्ही खालून निसटाल. पदर जॅकेटच्या आत. लेकरांना लेकरांचंच जॅकेट मागा, मोठ्यांचं घालून वरून ओढणी बांधणं म्हणजे नसल्यासारखंच. बकल तुटलेलं असेल तर बदलून मागा. मागायला लाजलात तर चूक तुमची.

प्रवासी किती घ्यायचे तो आकडा बोटीवर रंगवलेला असतो. दोन्ही डेक भरून माणसं उभी दिसली तर उतरून पुढच्या बोटीची वाट बघा. तिकीट वाया जात नाही, खिडकीवर सांगता येतं. आणि काही झालंच, तर सगळे एका बाजूला धावू नका. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या बाजूच्या घराघरांत ती आठवण आजही निघते. नणंदबाईंच्या सासरीही निघते.

बोट लागणं

आपल्याला गाडी लागते तशी बोट लागते. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी स्वतःला आधीच यादीत धरावं. उपाशी पोटी बसू नका आणि मिसळ हाणूनही बसू नका. दोन इडल्या, नाहीतर कोरडी भाकरी, एवढंच. एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी थोडीच, ती तुपकट असते.

जागा खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर, वाऱ्याच्या बाजूला. पुढचं टोक जास्त उचलतं, मागं इंजिनाचा आणि डिझेलचा वास. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, डोंगराची रेघ किंवा दूर नांगरलेलं जहाज बघत राहा. गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी अर्धा-एक तास, डॉक्टरांना विचारून. लेकरांना आणि गरोदर बाईला तर विचारल्याशिवाय नाहीच. त्या गोळीनं झोप येते, समुद्र बघायचा राहून जातो. आत्यांनी तोंडात आल्याची वडी धरली आणि गजर म्हणत बसल्या. त्यांना काही झालं नाही. मला झालं. तेव्हा प्लास्टिकची पिशवी खिशात हवी, बॅगेत नको, कारण बॅगेची चेन उघडेपर्यंत वेळ मिळत नाही.

सकाळची बोट धरा हे यासाठीही. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. पावसाळा सोडूनही हा फरक जाणवतो.

बघायचं काय

गेटवेहून मांडव्याकडं निघालात की ताज आणि गेटवे मागं सरकत जातात. उजव्या हाताला कुलाब्याची जमीन हळूहळू संपते. डाव्या हाताला लांबवर न्हावाशेवाच्या उंच क्रेन आणि उरणचे डोंगर. एलिफंटाला निघालात तर वाटेत जवाहर द्वीप लागतं, त्याला बुचर बेट म्हणतात. तिथं तेलाच्या टाक्या आहेत, उतरायला परवानगी नाही. नौदलाची जहाजं दिसली तर कॅमेरा खाली ठेवा.

मला सगळ्यात आवडतात ती नांगरलेली जहाजं. नीट बघा, सगळ्यांची तोंडं बहुधा एकाच दिशेला असतात, बाजारात ओळीनं बांधलेल्या बैलांसारखी. पाणी जिकडून येतं तिकडं जहाज तोंड करतं. भरती चढत असेल तर तोंडं समुद्राकडं, ओहोटी असेल तर आत बंदराकडं. वारा जोराचा असला तर हिशोब थोडा बिघडतो, एरवी नाही. जाताना लेकरांना दाखवा, येताना पुन्हा दाखवा. सगळी वळून बसलेली असतात. तिथीची पाऊणपट खरी की खोटी, ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

मोठं जहाज जवळून जात असेल तर आपली लाँच वेग कमी करते. घाबरू नका. मोठ्या जहाजाला पटकन थांबता किंवा वळता येत नाही, म्हणून लहानानंच वाट द्यायची. ते गेलं की दोन मिनिटांनी त्याच्या लाटा येतात आणि बोट चांगली डोलते. त्या दोन मिनिटांत उठून उभं राहायचं नाही, एवढंच.

थंडीत कुरव पक्षी बोटीमागं येतात आणि लोक त्यांना गाठी-वेफर टाकतात. टाकू नका. आणि कडेवर बसून पक्ष्यासोबत फोटो तर नकोच.

पलीकडं उतरल्यावर

मांडव्याची जेट्टी लांब आहे, चालावं लागतं. कंपनीची बस बाहेर उभी असते आणि बोटीची माणसं भरली की निघते, म्हणून चहाला थांबू नका. चहा चोंढी नाक्यावर.

एलिफंटाला धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोली मिळते. भाव आधी ठरवा. माकडं हातातलं ओढतात, तेव्हा धपाटे झाकून. लेण्यांत शिरलात की वेरूळ बघितलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. वेरूळचं २९ नंबरचं लेणं, आपण ज्याला धुमार लेणं म्हणतो, त्याची आखणी घारापुरीच्या मुख्य लेण्यासारखी आहे. तेच खांब, तीच मोकळी दालनं. फक्त आतला सदाशिव घारापुरीचाच. वीस फुटांच्या आसपास उंचीची तीन मुखं अंधारातून हळूहळू दिसायला लागतात, तेव्हा डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. लोक फोटो काढून दोन मिनिटांत निघतात.

उतरतानाच खलाशाला विचारून ठेवा, शेवटची बोट किती वाजता. पाटीवर विसंबू नका. शेवटच्या बोटीला झुंबड होते, तिच्या आधीची धरा.

परतीचा हिशोब

रात्रीची गाडी सीएसएमटीहून नऊच्या आसपास असते. गेटवेला उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत किमान तीन तास ठेवा. बोट उशिरा सुटते, धक्क्यावर जागा नसली तर पाण्यातच थांबते, बाहेर टॅक्सी मिळत नाही, क्लोकरूमला रांग असते. दोन तासांत आम्ही एकदा जमवलं आणि दोनदा गाडी गेली. दोनपैकी एकदा नणंदबाईंच्या आग्रहाच्या सोलकढीमुळं, त्याला बोटीचा दोष नाही.

उतरताना चढण्यापेक्षा जास्त सांभाळा. पोचलो म्हणून सगळे एकदम उठतात आणि बोट एका बाजूला कलते. दोर बांधून होईपर्यंत बसून राहा, गर्दी उतरू द्या. जॅकेट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर, पायरीवर पाय ठेवल्यावर काढून द्या.

आणि रिझर्व्हेशन काढताना खालचा बर्थ मागा. दिवसभर बोटीत बसलेल्याला रात्री गाडीत पडल्यावरही डोलतंय असंच वाटत राहतं. आत्या मनमाडपर्यंत बर्थची साखळी धरून झोपल्या होत्या.